मदत हवी आहे : मायक्रोट्यूब्यूल मोडले तर पेशी ढिली पडायच्या ऐवजी जास्त का आवळते?

नमस्कार मंडळी,

सायटोस्केलेटनवर (पेशीच्या आतला तंतूंचा सांगाडा) सेमिनार द्यायचा आहे आणि एका जागी गाडी अडली आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

तीन प्रकारचे तंतू असतात, इथवर नीट कळलं. ॲक्टिनचे साधारण ७ नॅनोमीटर जाडीचे. व्हायमेंटिन, केरॅटिन वगैरे इंटरमीडिएट फिलामेंट सुमारे १० नॅनोमीटरचे, हे दुपटीहून जास्त ताणले तरी तुटत नाहीत. आणि २५ नॅनोमीटरच्या पोकळ नळ्या म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. ताठपणात मायक्रोट्यूब्यूलचा नंबर पहिला.

मग सगळ्यांत ताठ भागच काढून घेतला तर पेशी सैल पडायला हवी ना? पण फायब्रोब्लास्टना (संयोजी ऊतीतल्या पेशी) नोकोडाझोल हे औषध देऊन मायक्रोट्यूब्यूल मोडले की उलटंच होतं. स्ट्रेस फायबर (ॲक्टिनचे जाड जुडगे) ठळक होतात, पेशी आकसते आणि खालच्या पृष्ठभागाला जास्त जोरानं ओढू लागते.

टेन्सेग्रिटीवाले म्हणतात, तंबूत दोर ओढतात आणि खांब दाब पेलतात, तसं हे आहे. खांब गेले की सगळा भार जमिनीवर येतो. दुसरे म्हणतात, हा सिग्नलिंगचा, म्हणजे पेशीतल्या रासायनिक निरोपांचा परिणाम आहे. खरं काय मानायचं? ब्लेबिस्टॅटिन या रसायनानं मायोसिन (ॲक्टिनचे तंतू ओढणारं प्रथिन) थांबवून पाहिलं तर निकाल लागेल का?

प्रतिसाद १ :

ब्लेबिस्टॅटिननं निकाल लागणार नाही. दोन्ही मतांत ओढणारा मायोसिनच आहे, त्यामुळे तो थांबला की कुठल्याही मतानुसार ओढ जाणारच.

जीईएफ-एच१ या प्रथिनाबद्दल वाचा. मायक्रोट्यूब्यूलला चिकटलेलं असतं तोवर ते निष्क्रिय. नळी मोडली की सुटं होतं आणि रो-ए या आकुंचन सुरू करणाऱ्या प्रथिनाला सक्रिय करतं. पुढे रो-काइनेज या एन्झाइममार्फत मायोसिनचा जोर वाढतो. हे प्रथिन कमी केलेल्या पेशींत नोकोडाझोल दिल्यावरचं आकुंचन बरंच घटतं. नळ्या तर तिथेही मोडलेल्याच असतात! म्हणून फायब्रोब्लास्टपुरतं मी सिग्नलिंगच्या बाजूनं.

खांबांची कल्पना मात्र टाकून देऊ नका. हृदयाच्या स्नायुपेशी आकुंचन पावताना त्यांतले मायक्रोट्यूब्यूल वाकलेले सूक्ष्मदर्शकाखाली चक्क दिसतात, म्हणजे दाब पेलला जातोच. त्या पेशींत नळ्या मोडल्या की कडकपणा कमी होतो, तुमच्या गणिताप्रमाणेच.

प्रतिसाद २ (धागाकर्ता) :

फार फार आभार! म्हणजे पेशी किती जोरानं ओढते आणि दाबल्यावर किती कडक लागते, या दोन गोष्टी मी एकच धरत होतो का?

प्रतिसाद ३ :

हो, आणि त्यांचा संबंधही आहे. पेशीपटलालगतचं ॲक्टिनचं जाळं मायोसिननं ताणलं की ते जास्त कडक होतं. त्यामुळे एएफएमच्या (ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप) सुईनं वरवर दाबून मोजलेल्या कडकपणात मोठा वाटा या जाळ्याचाच असतो. एकट्या नळीच्या ताठपणावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. सेमिनारात दोन्हींच्या स्लाइड वेगळ्या ठेवा.