मदत हवी आहे: मुलगी ४०० मीटर पण पळते आणि फुटबॉल पण खेळते, १४ व्या वर्षी एक सोडायलाच हवं का?

नेरूळची आई

नमस्कार मंडळी, लेकीबद्दल विचारायचंय, जरा लांबण लागेल.

लेक नववीत आहे. सकाळी ट्रॅकवर ४०० मीटर आणि संध्याकाळी फुटबॉल, लेफ्ट विंगला. दोन्ही तिचं तिनेच धरलंय. फुटबॉलचं खूळ २०२२ पासूनचं, अंडर-१७ मुलींच्या वर्ल्ड कपची फायनल इथे डी वाय पाटीलला होती, घराजवळच म्हणून घेऊन गेले, स्पेनने कोलंबियाला १-० हरवलं आणि तेव्हापासून आमच्या घरात फक्त स्पेन. पुढच्या वर्षी मोठ्या वर्ल्ड कपची स्पेन-नेदरलँड्स क्वार्टर फायनल आपल्याकडे सकाळी साडेसहाला होती, मॅच एक्स्ट्रा टाइमला गेली, शाळेची वेळ टळली, ही युनिफॉर्म घालून टीव्हीसमोर, एक मोजा पायात आणि एक हातात. १११ व्या मिनिटाला साल्मा पारायुएलोने डाव्या बाजूने पळत जाऊन डिफेंडरला चकवलं आणि डाव्या पायाने मारलं, बॉल पोस्टला लागून आत. शाळा बुडालीच त्या दिवशी.

नंतर तिने शोधून काढलं की ही साल्मा आधी धावपटू होती, तेही ४०० आणि ४०० हर्डल्सची! २०१८ ला उरुग्वेत अंडर-१७ वर्ल्ड कप जिंकला आणि २०१९ च्या मार्चमध्ये, म्हणजे १५ व्या वर्षी, ग्लासगोला युरोपियन इनडोअर चॅम्पियनशिपमध्ये मोठ्या बायकांबरोबर ४०० पळाली. त्याच उन्हाळ्यात बाकूला युरोपच्या यूथ ऑलिंपिक फेस्टिव्हलमध्ये ४०० हर्डल्सचं गोल्ड. मग व्हियारियाल क्लबकडे गेली, तिथे फुटबॉल खेळत जवळच्याच कास्तेयोनच्या क्लबकडून पळायची. २०२२ ला बार्सिलोनाने घेतलं तेव्हा कुठे धावणं सोडलं, १८ वर्षांची असताना. हे सगळं लेकीने वहीत लिहून ठेवलंय, तारखांसकट.

आता अडचण. गेल्या महिन्यात फुटबॉलच्या सरांनी सगळ्या मुलींसमोर तिला सांगितलं की दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्यांना माझ्या टीममध्ये जागा नाही, दिवाळीच्या आत ठरव. ट्रॅकच्या मॅडम चांगल्या आहेत पण त्यांनाही वाटतं की फुटबॉलमध्ये हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) जाणार. पोरगी तेव्हापासून गप्प आहे. बाल्कनीत ट्रॅकचे स्पाइक्स आणि फुटबॉलचे स्टड्स शेजारी शेजारी वाळत घालायची, आता स्टड्स पिशवीतच असतात, चिखल वाळून कडक झालाय आणि मला हात लावू देत नाही. मला ते बघवत नाही.

तर विचारायचंय की
१) १४ ला एक निवडणं खरंच गरजेचं आहे का, कोणाची मुलं दोन्ही करतायत का?
२) साल्माचा २०२१ ला गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता, हे वाचल्यापासून मला धास्ती बसलीय. दोन्ही केल्याने धोका वाढतो का?
३) सरांशी कसं बोलू?

फिजिओ_पुणे

ताई, गुडघ्याचं मी सांगते, रोज हेच बघते. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट, मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त जातो, आणि फुटबॉलमध्ये बहुतेक वेळा कोणी धडकलेलंही नसतं, जोरात पळताना एकदम थांबणं, वळणं, उडी मारून उतरताना गुडघा आत कलणं, असं होतं. ४०० मध्ये हे फारसं येत नाही, तिथे हॅमस्ट्रिंगवर ताण. त्यामुळे पळते म्हणून गुडघा जाईल असं नाही, पण दमलेल्या पायांनी मॅच खेळली तर दोन्हींचा धोका वाढतो. फिफा ११+ नावाचा वॉर्मअप आहे, २० मिनिटांचा, आठवड्यातून निदान दोनदा करायला लावा, त्यात हॅमस्ट्रिंगचा नॉर्डिक व्यायाम पण आहे. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि ज्या दिवशी ट्रॅकवर फुल स्पीड त्या संध्याकाळी फुटबॉल हलकाच. पाळी नियमित येतेय ना, जेवण पुरेसं आहे ना, हेही बघा, या वयात खाणं कमी पडलं की हाडांवर जातं.

आणि साल्मा त्या दुखापतीतून परत आली, पुढच्याच वर्षी अंडर-२० वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये जपानविरुद्ध दोन गोल केले. हे पण वहीत असेलच!

कोल्हापूरचा_बॅक

सरांना एकट्याने भेटा, मुलीला नेऊ नका. "दोन्ही करू द्या" एवढंच म्हणालात तर ते नाहीच म्हणतील, आठवड्याचं टाइमटेबल कागदावर न्या आणि कुठल्या मॅचला ती नक्की असेल ते आधीच सांगा. आपल्या मनीषा कल्याणचं उदाहरण द्या, शाळेत धावायची, मग फुटबॉलकडे वळली, २०२१ ला ब्राझीलविरुद्ध गोल मारला आणि २०२२ ला विमेन्स चॅम्पियन्स लीग खेळणारी पहिली भारतीय झाली. विंगरला पळण्याचा स्पीड किती कामाचा असतो हे सरांना माहीत असणारच. तरीही ऐकलं नाही तर दुसरी टीम बघा, सगळ्यांसमोर पोरीला असं बोलणं मला अजिबात पटलं नाही.

नेरूळची आई

दोघांचे खूप आभार. फिजिओताई, जेवणाचं खरंच लक्षात नव्हतं, सकाळी ट्रॅकवर नुसतं दूध पिऊन जाते, उद्यापासून केळं आणि पोळी-तूप देते. शनिवारी सरांना भेटतेय. टाइमटेबल लेकीलाच करायला सांगितलं तर लगेच वही घेऊन बसली, मंगळवार आणि शुक्रवार ट्रॅक, रविवार सुट्टी, असं काहीतरी चाललंय. झालं की इथे टाकते, फिजिओताई तुम्ही एकदा नजर टाकाल का? नवी मुंबईत मुलींना ११+ नीट शिकवणारं कोणी माहीत असेल तर तेही सांगा.