मदत हवी आहे : व्हिजन टीसाठी थांबू की आत्ताची फोर बाय फोर थार घेऊ?

खाचरवाट :
नमस्कार मंडळी. भोरच्या पश्चिमेला शेत आहे. डांबरी संपल्यावर पुढचे ४ किमी असे: भातखाचरांच्या बांधालगत तांबडी माती, मग एक ओढा (पावसाळ्यात एरवीचं पाणी गुडघ्याच्या जरा खाली, तळाला गोटे), पलीकडे कातळाचा चढ आणि चढाच्या माथ्यावर एक उंचवटा. तिथे बऱ्याच गाड्यांचं पोट घासतं. आठवड्यातून दोनदा ये-जा, कधी मागे खताच्या ४-५ गोण्या. बाकी वापर पुण्यात.

महिंद्राने १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत दाखवलेल्या चार कॉन्सेप्टपैकी (विक्रीआधीच्या नमुना गाड्यांपैकी) व्हिजन टी पाहिल्यापासून निर्णय अडला आहे. उभं नाक, जाड टायर, चाकांपुढे बंपर जवळजवळ नाहीच. या रस्त्यासाठीच बनवल्यासारखी दिसते. प्रश्न असे:
१) कॉन्सेप्टवरून खरी गाडी काय करू शकेल याचा अंदाज कसा बांधायचा?
२) खरी गाडी येईपर्यंत, म्हणजे २०२७ पर्यंत थांबण्यात अर्थ आहे का, की तीन दारांची थार फोर बाय फोर आत्ताच घ्यावी?

फोरलो :
कॉन्सेप्टचं नाक आणि टायर हिशेबात धरू नका, त्याच दोन गोष्टी सगळ्यात आधी बदलतात. शो-कारचे टायर चाकाच्या कमानीत इतके भरलेले असतात की सस्पेन्शन दबायला जागाच उरत नाही. उत्पादनात टायर लहान होतो आणि गाडी तेवढी खाली येते. पादचारी सुरक्षेच्या नियमात (एआयएस-१००) बसवताना बंपरचा खालचा ओठ पुढे आणि खाली येतो. मग नंबरप्लेट, रडार, सेन्सर. नाकासमोरचा कोन यात सहज काही अंशांनी कमी होतो.

टिकतो तो प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा खालचा मूळ सांगाडा. व्हिजन टीच्या एनयू-आयक्यू प्लॅटफॉर्मचे जाहीर आकडे: व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २,६६५ मिमी, ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची किमान उंची) २२७ मिमी, लांबी ३,९९० ते ४,३२० मिमी, बांधणी मोनोकॉक (वेगळी चेसिस नसलेली). थारचा क्लिअरन्स २२६ मिमी, म्हणून दोन्ही सारख्या वाटतात. तुमच्या उंचवट्यावर त्या सारख्या नाहीत.

थारचे २२६ मिमी मोजले जातात मागच्या डिफरन्शियलखाली (मागच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्याखाली). पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं पोट त्याहून बरंच वर आहे. थारचा रॅम्पओव्हर कोन (पोट न टेकता ओलांडता येणाऱ्या उंचवट्याचा कोन) २७ अंश आणि व्हीलबेस २,४५० मिमी. निम्मा कोन १३.५ अंश, त्याचा टॅन्जंट ०.२४, गुणिले निम्मा व्हीलबेस १,२२५. म्हणजे पोट जमिनीपासून साधारण २९ सेंमी. हेच गणित पाच दारांच्या थारला, म्हणजे रॉक्सला लावा: २३.९ अंश, २,८५० मिमी, उत्तर ३० सेंमी. मारुतीच्या पाच दारांच्या जिम्नीला लावा: २४ अंश, २,५९० मिमी, उत्तर साडेसत्तावीस.

मोनोकॉक गाडीचं, त्यातून बॅटरीवाल्या गाडीचं, पोट सपाट असतं. तिथे २२.७ हाच आकडा मधोमधही येण्याची शक्यता धरा. तसं झालं तर रॅम्पओव्हर १९-२० अंशांवर थांबतो.

आता तुमचा उंचवटा मोजा. ५० सेंमीच्या दोन काठ्या घ्या. उंचवट्याच्या अलीकडे-पलीकडे, बरोबर व्हीलबेसएवढ्या अंतरावर, चाकोरीत उभ्या करा आणि टोकांना सुतळी ताणून बांधा. सुतळीपासून चाकोऱ्यांमधल्या मातीच्या सर्वांत उंच जागेपर्यंतचं अंतर ५० मधून वजा करा. तेवढं गाडीच्या पोटात शिरतं. काठ्यांची जोडी पुढेमागे सरकवून सर्वांत वाईट जागा शोधा. ओल्या मातीत चाक रुततं आणि गोण्यांनी मागची बाजू बसते, त्यासाठी वर ४ सेंमी धरा.

क्लचगंध :
फोरलोंचं पटलं, पण त्या कातळाच्या चढाला माझ्या मते पोटापेक्षा ट्रान्समिशन जास्त नडेल. एनयू-आयक्यूला फ्रंट-व्हील आणि ऑल-व्हील असे पर्याय सांगितले आहेत. ही मांडणी बहुधा आडव्या इंजिनाची, आणि अशा गाड्यांत सहसा ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी जादा गिअरपेटी) नसते, म्हणजे लो रेंजही (सावकाश पण जास्त जोराचे गिअर) नसते. मागच्या चाकांना ताकद पोचते एका क्लच पॅकमधून. चिखलात किंवा चढावर तो सतत घसरत राहिला की तापतो, कंट्रोल युनिट त्याला सोडून देतं, आणि चढाच्या मधोमध गाडी फ्रंट-व्हील होऊन बसते.

थारमध्ये लो रेंज सुमारे अडीच पट आहे. ढोबळ हिशेब: पहिला गिअर ४, लो रेंज २.५, अ‍ॅक्सल ४, एकूण ४० पट. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला तरी गाडी चालण्याच्या वेगाने कातळावर चढते आणि क्लचला हात लागत नाही.

ओहम :
इलेक्ट्रिक आली तर लो रेंजची गरज उरणार नाही ना? शून्य आरपीएमला पूर्ण टॉर्क मिळतो.

क्लचगंध :
मिळतो, पण रिडक्शन एकच, साधारण १० पट. ३०० न्यूटन-मीटरच्या दोन मोटारी धरल्या तरी चाकांवर सगळे मिळून ६,०००. थारमध्ये ३०० गुणिले ४० म्हणजे १२,०००. शिवाय चाक दगडाला टेकून गाडी जागेवर अडली की मोटार फिरत नाही, करंट इन्व्हर्टरच्या एकाच फेजमधून वाहत राहतो, ती फेज तापते आणि सॉफ्टवेअर ताकद कमी करतं. तिथे जोर लावत बसायचं नाही, लगेच मागे घेऊन चाकांसाठी दुसरी वाट पकडायची. वेगाचं नियंत्रण मात्र इलेक्ट्रिकमध्ये फारच नेमकं असतं, ओल्या गवतावर ती सरस ठरेल.

रजिस्टर :
थांबण्याच्या बाजूने एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आत आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेलला (पेट्रोलला १,२०० सीसी) जीएसटी १८ टक्के, त्यावरच्या गाडीला ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५ टक्के. थारचं १.५ डिझेल १८ टक्क्यांत बसतं पण ते फक्त रिअर-व्हील. फोर बाय फोर २.२ डिझेल किंवा २.० पेट्रोललाच, म्हणून ४० टक्के. चार मीटरच्या आतली, लहान इंजिनाची ऑल-व्हील गाडी आली तर किमतीत मोठा फरक पडेल.

खाचरवाट :
सर्वांचे आभार. सुतळी लावून मोजलं. सर्वांत वाईट जागी उंचवटा असा आला: २.४५ मीटर अंतराला २४ सेंमी, २.५९ ला २६, २.६६ ला २७, २.८५ ला २९. कातळाची पायरी एकच आहे, ३० सेंमीची.

फोरलो :
मग उत्तर तुमच्या सुतळीनेच दिलं. थारला ५ सेंमी उरतात, ४ सेंमीची सूट धरूनही निघते. जिम्नीला दीड सेंमी, रॉक्सला एक, म्हणजे पावसाळ्यात दोघी टेकणार. २२.७ सेंमीचं सपाट पोट कोरड्यातही टेकेल, आणि तिथे खाली बॅटरी असेल तर मी ती गाडी त्या उंचवट्यावर नेणारच नाही. तीन दारांची थार घ्या. ३० सेंमीच्या पायरीला तिचा पुढचा ४१.८ अंशांचा कोन पुरतो, फक्त पायरीवर तिरकं जा, एका वेळी एकच चाक चढू दे.

मागचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) कोणत्या व्हेरियंटला आहे ते कोटेशनवर लिहून घ्या, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दोन चाकांच्या वेगात सुमारे १०० आरपीएमचा फरक पडला की तो लॉक होतो, म्हणून चाक फिरू लागताच अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही, हलका आणि स्थिर ठेवायचा. लॉक झाल्याचा धक्का जाणवतो, तो बिघाड नव्हे.

उंचवटा कुदळीने ६-७ सेंमी उतरवता येत असेल तर तेही करा. रस्ता सामायिक असेल तर आधी शेजाऱ्यांना विचारा.

टोचन :
ओढ्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. थारची पाण्याची मर्यादा ६५० मिमी आहे, पण ती संथ पाण्याची. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी घालूच नका. आधी काठी घेऊन चालत पार करा आणि गोट्यांतले खड्डे बघून ठेवा. फोर लो (चारही चाकं, लो रेंज), दुसरा गिअर, ताशी ४-५ किमीचा वेग, मध्ये गिअर बदलायचा नाही.

तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. ब्रीदरची (डिफरन्शियलमध्ये हवा ये-जा करू देणारी) नळी तुंबलेली किंवा निसटलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. डांबरीवरून आल्यावर ओढ्याआधी १० मिनिटं थांबा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिफरन्शियलचा फिलर प्लग उघडून बोट घाला. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला, नाहीतर बेअरिंग जातात.

टायरमध्ये चिखलासाठी १८-२० पीएसआय, डांबरीवर परतताना पुन्हा ३० च्या आसपास, म्हणून गाडीत १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर हवाच. कोरड्या डांबरीवर फोर हाय (चारही चाकं, नेहमीचे गिअर) लावू नका, ट्रान्स्फर केस आवळून बसते. टोचनासाठी कायनेटिक (ताणला जाणारा) दोर घ्या, त्याची तुटण्याची क्षमता भरलेल्या गाडीच्या वजनाच्या अडीच ते तीन पट, सोबत दोन सॉफ्ट शॅकल (दोराच्याच कड्या). दोर चेसिसच्या हुकालाच अडकवा. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) लावून झटका दिला तर बॉल तुटून गोळीसारखा सुटतो. ओढताना दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहता कामा नये, पोरं तर नाहीच.

खाचरवाट :
पेट्रोल ऑटोमॅटिक की डिझेल मॅन्युअल, एवढंच राहिलं.

क्लचगंध :
गोण्या, चढ आणि आठवड्याच्या फेऱ्या पाहता डिझेल. ऑटोमॅटिक मिळत असेल तर तेच, कातळावर अर्धा क्लच दाबून प्लेट जाळण्याचा प्रश्न राहत नाही. फक्त लांब उतारावर गिअर हाताने पहिल्यात धरा आणि हिल डिसेंट (उतारावर वेग आपोआप रोखणारी सोय) चालू ठेवा.