शब्दचर्चा: 'एबीआय' आणि 'नेम मँगलिंग' यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न:
सी++मधली शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) एका कंपायलरने (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रामने) आणि ती वापरणारा प्रोग्राम दुसऱ्या कंपायलरने तयार केला, तर दोन्हींचा कोड निर्दोष असूनही जोडणी फसू शकते. हे मराठीत समजावताना 'एपीआय' (लिहिलेल्या कोडच्या पातळीवरची जोडणी) आणि 'एबीआय' (कंपायल झालेल्या कोडच्या पातळीवरची जोडणी) या दोन्हींसाठी 'आंतरपृष्ठ' हाच शब्द वापरला, की मुख्य भेदच पुसला जातो. 'नेम मँगलिंग'साठी, म्हणजे कंपायलर फंक्शनच्या नावात त्याच्या आर्ग्युमेंटांचे प्रकार गुंफतो त्यासाठी, 'नावांची मोडतोड' असेही वाचनात आले. ते कितपत योग्य आहे?

उत्तर:
'मोडतोड' हा शब्द दिशाभूल करणारा आहे. दोन इंट (पूर्णांक) घेणाऱ्या 'अ‍ॅड' या फंक्शनचे नाव लिनक्सवर जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर असे घडवतात: अंडरस्कोर, झेड, नावाची लांबी म्हणून 3, मग 'अ‍ॅड' आणि शेवटी प्रत्येक इंटसाठी एक 'आय'. मायक्रोसॉफ्टचा कंपायलर त्याच फंक्शनचे नाव प्रश्नचिन्हाने सुरू करतो. दोन्हीकडे माहिती नष्ट होत नाही, उलट तीत भर पडते, आणि 'सी++फिल्ट'सारख्या साधनाने मूळ रूप परत वाचताही येते. म्हणून 'नामसंकेतन' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

एबीआयसाठी 'द्विमान करार' (द्विमान म्हणजे बायनरी) असे सुचवतो, कारण कोणता आर्ग्युमेंट कोणत्या रजिस्टरमधून जातो, स्ट्रक्टमधले घटक किती अंतरावर बसतात, व्हर्च्युअल फंक्शनांचा तक्ता कसा रचला जातो आणि एक्सेप्शन (प्रोग्राम चालताना उद्भवणारी त्रुटी) कसे हाताळले जाते, हे सगळे कंपायल झालेल्या बाइट्सच्या पातळीवर ठरलेले असावे लागते. 'एक्स्टर्न सी' (फंक्शन सी भाषेच्या पद्धतीने जोडण्याची सूचना) लिहिले की काम झाले, हा समज फार पसरलेला आहे (आणि तो बराच त्रास देतो). त्याने नामसंकेतन टळते, पण त्या फंक्शनमधून एसटीडी स्ट्रिंग (सी++मधला मजकूर साठवण्याचा प्रमाण प्रकार) पाठवली, तर तिची रचना दोन्ही बाजूंना सारखी असेलच असे नाही. 2015 मध्ये जीसीसी 5 सोबत आलेल्या नव्या स्ट्रिंगचा आकार 64-बिट यंत्रावर 8 बाइट्सवरून 32 झाला, तर क्लँगसोबत येणाऱ्या लिबसी++ या प्रमाण लायब्ररीमध्ये तो 24 आहे. विंडोजवर 'लाँग डबल' हा दशांश संख्यांचा साधा प्रकारही मिंगडब्ल्यू (विंडोजसाठीचे जीसीसी) आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये वेगवेगळ्या आकाराचा असतो. त्यामुळे सीमेवर निश्चित रुंदीचे पूर्णांक, साधे पॉइंटर आणि आतली रचना न दाखवणारे हँडल (वस्तूची नुसती खूण) एवढेच असावे. मेमरी ज्या लायब्ररीने घेतली तिनेच ती सोडावी, कारण दोन रनटाइमचे (प्रोग्राम चालताना लागणाऱ्या आधारकोडचे) हीप, म्हणजे मेमरीचे साठे, वेगळे असू शकतात. त्यासाठी निर्मितीच्या फंक्शनसोबत विसर्जनाचे फंक्शनही द्यावे. एक्सेप्शन सीमेच्या आतच पकडून त्रुटीचा क्रमांक परत करावा.

पुरवणी:
'द्विमान करार' मान्य आहे, आणि जीसीसी व क्लँग यांच्याबाबतीत तर तो शब्दशः लेखी करार आहे: इटॅनियम प्रोसेसरसाठी लिहिलेली सी++ एबीआयची संहिता आज इतर प्रोसेसरांवरही पाळली जाते. मात्र नुसते 'सुसंगत' म्हणू नये. 'उगमसुसंगत' (मूळ कोड पुन्हा कंपायल केल्यावर जुळणारे) की 'द्विमानसुसंगत' (कंपायल झालेल्या रूपातच जुळणारे) ते स्पष्ट करावे. व्हिज्युअल स्टुडिओ 2015, 2017, 2019 आणि 2022 यांचे कंपायलर परस्परांशी द्विमानसुसंगत आहेत, पण त्यालाही अट आहे: अंतिम जोडणीचा लिंकर (कंपायल झालेले भाग जोडणारे साधन) त्यांतल्या सर्वांत नव्या कंपायलरइतका तरी नवा हवा.