अनुभव धागा : आमच्या घरात प्रथमच शिजलेला जिन्नस

निमंत्रण

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणी या पट्ट्यातील मराठी घरांना परका पदार्थ शोधायला फार दूर जावे लागत नाही. चोर्ला घाट उतरला की नारळ-कोकमाचे गोवे, निपाणी ओलांडली की कोल्हापूरचा रस्सा, आणि गोकाक-अथणीकडे वळले की कडक भाकरी व गुरेळ्ळूच्या (कारळ्याच्या) चटणीचा मुलूख सुरू होतो. शिकायला किंवा नोकरीला मैसूर, पुणे, बंगळूरला गेलेली मुले तर सुट्टीत घरी येतात तीच काही तरी फर्माईश घेऊन. तरीही एखादा जिन्नस एका घरात मुरतो आणि शेजारच्या घरात एकदा शिजून कायमचा बाद होतो, असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी हा धागा काढला आहे.

कृपया साग्रसंगीत कृती लिहू नयेत. त्या हव्या तेथे मिळतात. विकणाऱ्या बाईने, शेजारणीने किंवा सासरच्या माणसाने सांगितल्यावाचून जे कळत नाही, तेवढेच लिहावे. माझा स्वतःचा समज असा आहे की मसाल्याचे प्रमाण चुकून पदार्थ फारसे बिघडत नाहीत. कृती ज्या गावात लिहिली गेली तेथील पीठ, पाणी आणि हवा गृहीत धरलेली असते, आणि ती आपल्या गावची नसते. हा समज खोडून काढणारे अनुभव आले तर तेही हवेच आहेत.

खानापूरहून, माहेर निपाणीचे

माहेरी बांबूचा उपयोग मांडवाला आणि शिडीला एवढाच ठाऊक होता. सासरी आल्यावर पहिल्या पावसाळ्यात खानापूरच्या बाजारात पाटीत मांडलेले, तपकिरी सालांत गुंडाळलेले निमुळते कोंब पाहिले आणि हे खायचे असतात यावर माझा विश्वासच बसेना. विकणारी बाई जंगलाकडच्या गावातली होती. मी भाव विचारण्याआधीच तिने बजावले, "दोन पाणी टाकल्याबिगर फोडणीला घालू नको बाई, कडू जहर लागंल."

तिचे म्हणणे शब्दशः खरे आहे. कच्च्या कोंबात सायनाइड मोकळे करणारे द्रव्य असते आणि कडवटपणा त्याचाच असतो. कोंब बारीक चिरून पाण्यात ठेवणे, ते पाणी बदलत राहणे, मग भरपूर पाण्यात झाकण न ठेवता उकळून तेही पाणी फेकून देणे, हा सारा खटाटोप त्यासाठीच असतो. झाकण का ठेवायचे नाही, हे मला कोणत्याही कृतीत सापडले नाही. विषारी वायू वाफेबरोबर बाहेर जावा म्हणून, हे नंतर वाचनातून कळले, पण आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, मात्र ते कोणी न सांगता पूर्वीपासून करत आल्या आहेत.

सोलण्याचे कामही पाहून शिकण्यासारखे आहे. चामड्यासारखे पापुद्रे एकेक करून उतरवत गेले की पाटीभर कोंबातून ओंजळभर हस्तिदंती गाभा उरतो. त्याला बुडापासून नख लावत यायचे. नख रुतत नाही तो भाग टाकायचा आणि जेथून ते सहज रुतू लागते तेथून वरचा घ्यायचा. उकळताना येणारा वास माझ्या माहेरच्या माणसांना अजूनही सोसत नाही, परंतु भिजवलेले मूग, ओले खोबरे आणि दोन-तीन आमसुले घालून केलेली भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर वाढली की वासाची तक्रार कोणी काढत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर मात्र तीच भाजी का कोण जाणे, अगदी पोरकी लागते.

खानापूर तालुका, निवृत्त शिक्षक

कोंबांचा विषय निघालाच आहे तर रानातल्या अळंब्यांविषयी लिहिणे भाग आहे. पावसाळ्यात वारुळांवर उगवणाऱ्या अळंब्या आमच्याकडे आवडीने खाल्ल्या जातात, आणि शहरातून आलेले पाहुणे ते पाहून स्वतः शोधायला निघतात. अळंबीबरोबर चांदीचे नाणे किंवा लसणाची पाकळी शिजवावी आणि ती काळी पडली नाही तर अळंबी निर्धोक समजावी, असे सांगणारे लोक आजही भेटतात. ही परीक्षा साफ खोटी आहे. अतिशय घातक अळंब्यांनीही चांदी काळी पडत नाही, आणि त्यांतील काही विषे शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. कीड लागलेली अळंबी माणसाला चालते, हा समजही तितकाच फसवा आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रानात वेचणाऱ्या माणसाने हातात दिलेली अळंबी तेवढी घ्यावी. नवे करून पाहण्याची हौस असणाऱ्यांनी शेतात वाढवलेली धिंगरी आणावी. तिला खोबऱ्याचे वाटण उत्तम मानवते.

निपाणीहून, मुलगा मैसूरला शिकत होता

मुलाने सुट्टीत आल्यावर रागी मुद्दे हवे म्हणून सांगितले. नाचणी आमच्या घरात नवी नाही. उन्हाळ्यात आंबील होते, अधूनमधून भाकरीही होते. त्यामुळे मुद्दे म्हणजे नाचणीची उकड, एवढ्यावर मी विषय मिटवला होता. प्रत्यक्षात तंत्र अगदी निराळे निघाले. आधी थोडे पीठ गार पाण्यात कालवून ते आधणात सोडायचे, त्याला उकळी आली की उरलेले कोरडे पीठ मधोमध ढीग करून टाकायचे आणि लगेच ढवळायचे नाही. बाजूने पाणी खदखदत वर येते आणि ढिगाला आतून वाफ लागते. मग लाकडी दांडक्याने घोटायचे. ओल्या हाताने गोळे वळताना वरचा भाग आरशासारखा गुळगुळीत झाला पाहिजे.

मुलाच्या मैसूरच्या घरमालकीणबाईंनी फोनवरून कन्नडमध्ये समजावून सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. आंबिलीसाठी आपण गिरणीत जे रवाळ दळून आणतो ते मुद्द्याला उपयोगाचे नाही, पीठ मऊसूतच हवे.

खाण्याची रीतही शिकावी लागली. मुद्दे चावायचे नसते. चिमटीएवढा तुकडा सारात बुडवून गिळायचा असतो. माझ्या यजमानांनी पहिला घास नेहमीप्रमाणे चावला आणि तो टाळूला जो चिकटला तो पाण्यानेही हलेना. पालेभाजीच्या साराबरोबर आमच्याकडे कोणाचे मन रमले नाही, परंतु मटणाच्या पातळ रश्शाबरोबर ते असे काही जमले की आता घरात रस्सा शिजायला लागला की सासरेच नाचणीच्या पिठाची चौकशी करतात. इतर दिवशी त्याचे नाव कोणी काढत नाही.

बेळगाव, शहापूर भागातून

पाव घरी भाजण्याचा नाद मला लागला तो टाळेबंदीच्या काळात. मुंबईच्या मैत्रिणीने दिलेल्या प्रमाणात यीस्टचे पीठ तासाभरात दुप्पट फुगते असे लिहिले होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पौषात येथे सकाळी स्वयंपाकघराची फरशी पायाला बोचते. अशा हवेत तासाभराने पाहावे तर पीठ जागचे हललेले नसते. निमंत्रणात हवेविषयी जे म्हटले आहे, त्याला माझा पूर्ण दुजोरा आहे. घड्याळ बाजूला ठेवून पिठाकडे पाहावे, बोट दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला तर ते तयार समजावे. घाई असेल तेव्हा मी पिठाचे भांडे बंद ओव्हनमध्ये ठेवते आणि खाली कढत पाण्याचे पातेले ठेवते. यीस्ट भिजवायचे पाणी मात्र कोमटच हवे, बोटाला जेमतेम ऊब लागेल इतके. साठ अंशांच्या आसपास यीस्ट मरून जाते आणि मग कितीही वाट पाहिली तरी उपयोग नाही.

थंडीचा एक फायदाही सांगितला पाहिजे. रात्रभर सावकाश फुगलेल्या पिठाच्या पावाला जी चव येते, ती तासाभरात फुगवलेल्या पावाला येत नाही.

संकेश्वरहून, महाविद्यालयीन विद्यार्थिनी

कोरियन मालिका पाहून किमची, म्हणजे मिरची लावून आंबवलेला कोबी, करण्याचा घाट आम्हा बहिणींनी घातला तेव्हा पहिला प्रश्न मिरचीचा आला, कारण तिकडची भरड लाल मिरची मागवायची तर खर्च फार. आमच्या गावाचे नाव ज्या मिरचीला आहे ती संकेश्वरी रंगाला चांगली असली तरी तिखटपणात कोणाचे ऐकत नाही. किमचीला मिरची मूठमूठ लागते, म्हणजे ती वापरली असती तर घरात हाहाकार झाला असता. म्हणून ब्याडगी घेतली. तिचा रंग गडद आणि तिखटपणा बेताचा असतो, आणि तिला २०११ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बिया काढून, उन्हात कडकडीत वाळवून, खलबत्त्यात भरड कुटली. मिक्सरमध्ये भुकटी केली असती तर कोबीवर चिखलासारखा लेप बसला असता. आजीच्या आग्रहास्तव दोन संकेश्वरी मिरच्या त्यात पडल्याच.

चिनी कोबी मिळाला नाही, म्हणून आपला साधा कोबी घेतला. तो जाड पानांचा असल्यामुळे मिठात जास्त वेळ ठेवावा लागतो. पान दुमडल्यावर मोडले नाही की मीठ मुरले असे समजावे. माशाचा सॉस वगळला. आजी बरणीकडे पाहून म्हणाली, "तेलाचा थेंब नाही आणि लोणचं म्हणे! उद्या बुरशी धरंल बघा." बुरशी धरली नाही, कारण कोबी आपल्याच सुटलेल्या पाण्यात पूर्ण बुडालेला होता आणि आंबताना तयार होणाऱ्या आम्लानेच तो टिकतो. चैत्रातल्या उकाड्यात दोन दिवसांत बुडबुडे वर येऊ लागले. बरणी गळ्यापर्यंत भरू नये आणि झाकण रोज एकदा सैल करून वायू जाऊ द्यावा, हे येथे आवर्जून सांगते. आजी आता ही किमची दहीभाताबरोबर खाते; तिच्या लेखी ते कोबीचे लोणचेच आहे, आणि आम्हीही वाद घालत नाही.

(धागा काढणाऱ्याकडून : कडाक्याचे ऊन असताना किमचीला दोन दिवसांत बुडबुडे, आणि पौषात पावाचे पीठ तासाभरानेही जागचे हललेले नाही. हवेची बाजू भक्कम होत चालली आहे. मात्र बांबूच्या कोंबाला हवा लागू पडत नाही, तेथे विकणारीचे एक वाक्यच सगळे काम करून गेले.)

अथणीहून, माहेर रत्नागिरीकडचे

इतरांचा नवा जिन्नस बाहेरून घरात आला. माझ्या बाबतीत घरच नवे होते. तांदळाच्या भाकरीवर वाढलेल्या मला ज्वारीचे पीठ हाताळता येईना. तांदळाची उकड काढायची सवय असल्यामुळे गरम पाण्याची कल्पना होती, पण येथे प्रश्न पिठाच्या विरीचा होता. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, आणि दळण जुने झाले की असलेली विरीही जाते; मग थापताना कडा फाटतात आणि भाकरी उचलताना तुटते. आत्ती पिठाची चिमूट बोटांत चोळूनच दळण किती दिवसांचे आहे ते सांगतात. आठवड्यापुरतेच दळून आणायचे, मधोमध कढत पाणी घालून पीठ तळहाताच्या टाचेने रगडून रगडून मळायचे, आणि एका वेळी एकाच भाकरीचे मळायचे, ही त्यांची शिस्त आहे. त्या थापतात तेव्हा परातीत भाकरी आपोआप गरगर फिरत असते. हाताने ती फिरवताना मी त्यांना कधी पाहिले नाही.

कडक भाकरी हा त्यापुढचा टप्पा. पापडासारखी पातळ थापून, भाजल्यावर मंद आचेवर कापडाने दाबत पूर्ण कोरडी केली की ती कित्येक आठवडे टिकते. गुरेळ्ळूची, म्हणजे कारळ्याची, चटणी मला पहिल्यांदा मातकट वाटली होती. शेजारच्या अक्कांनी कारळे भाजताना ते तडतडू लागताच उतरवायचे, क्षणभरही जास्त ठेवायचे नाही, असे दाखवले. त्यानंतर तिची चव लागली. आता माहेरी जाताना माझ्या पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड असते आणि माझी आई ती माशाच्या कालवणाबरोबर खाते, जे अथणीत सांगण्याची माझी हिंमत नाही.

बेळगाव, टिळकवाडीतून, बँकेतून निवृत्त

पत्नीच्या निधनानंतर स्वयंपाक शिकलो, त्यामुळे माझ्यासाठी तेल-मोहरीपासून सगळेच जिन्नस नवे होते. त्यांपैकी एकाच जिन्नसाविषयी लिहितो. गोव्यात दिलेल्या बहिणीने तिरफळे पाठवली. वासाने संत्र्याच्या सालीची आठवण व्हावी आणि जिभेवर ठेवल्यास ती बधिर होऊन झिणझिण्या याव्यात, असे हे प्रकरण आहे. बहिणीने फोनवर दोनच गोष्टी बजावल्या. आतले काळे बी काढून टाकायचे, कारण चव फक्त फुटलेल्या सालीत असते. आणि तिरफळ वाटणात वाटायचे नाही, नुसते ठेचून उकळत्या कालवणात सोडायचे, नाहीतर सगळे कडवट होते. बांगड्यासारख्या तेलकट माशाचा उग्रपणा त्याने पार जातो.

मला त्याचा खरा उपयोग सापडला तो श्रावणात. तूरडाळ, शेवग्याच्या शेंगा, भोपळा, मुळा अशा भाज्यांचे गोव्याकडे खतखते करतात, त्यात तिरफळ लागते. त्या मिश्रणात मी आपल्याकडची रताळी घालतो. आमसुलाचा आंबटपणा आणि रताळ्याचा गोडवा यांच्यामध्ये तिरफळ फार चांगले बसते, असे माझे मत आहे. बहिणीला ते मान्य नाही. तिच्या मते रताळ्याने खतखत्याचा शिरा होतो. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांनी रताळी शेवटी घालावीत, कारण ती लवकर शिजतात, आणि चार माणसांच्या पातेल्याला पाच-सहा तिरफळांवर जाऊ नये. वाढताना ती बाजूला काढली तरी चालतात. मुलांच्या ताटात गेली तर ओरड होते.