आगरात सावलीत पसरणारं, वासाचं आणि खाता येईल असं काय लावू?

आगरातला_नवखा:
गुहागरला आमचं छोटं आगर आहे, नारळ-सुपारी मिळून तीसेक झाडं, खाली दिवसभर नुसते कवडसे. हौसेने लॉन लावलं ते दोन पावसाळ्यांत गेलं, आणि गवत काढायला माणूस मिळत नाही. आपल्याकडचंच काहीतरी हवंय, जमीन झाकणारं, वासाचं, निदान काढ्यात तरी पडेल असं. ओव्याचं पान लावलेलं ते सावलीत लांबडं होऊन पावसात कुजलं. पिंपळी कशी राहील? आई म्हणते, एवढं दाट झालं की जनावर, म्हणजे साप, बसेल.

कुळागर:
लाव बिनधास्त. माझी चौथ्या वर्षात आहे. मिरीच्याच घराण्यातली, पण वर चढायचा हट्ट नाही, जमिनीवर सरपटते आणि पेराला पेराला मुळं धरते. पावसाच्या सुरुवातीला तीन-चार पेरांचे तुकडे, दोन-दोन फुटांवर. पाणी साचलं तर मेली समज, आणि उन्हाळ्यात शिंपण चुकवायचं नाही, वर पातेरा नाहीतर पेंढा पसरायचा. पायाखाली मात्र टिकत नाही, त्यामुळे जायच्या वाटेवर चिरे टाक आणि नारळाची आळी मोकळी ठेव, म्हणजे आईलाही जमीन दिसेल :) तीन वर्षांनी फळ कमी होतं, मग नवीन लावायची.

पुण्याची_गच्ची:
एक सांगते, माझी फसगत झाली. नर्सरीतून सहा रोपं आणली, तीन वर्षं नुसती पानंच आणि लांब बारीक शेंड्या, नंतर कळलं सगळी नर होती! नर-मादी वेल वेगळे असतात. जाड आखूड पिंपळ्या मादीला येतात, तेव्हा धरलेला वेल डोळ्याने बघूनच तुकडे घ्या. केरळ कृषी विद्यापीठाची 'विश्वम' जात आहे, ती मिळाली तर उत्तमच.

कुळागर:
अरे हो, हे राहिलंच. आणि काढायची कधी, तर काळपट हिरवी असताना. पिकू दिली की तिखटपणा जातो. मग चार-पाच दिवस कडक उन्हात.

काढेवाली:
सुंठ-मिरी-पिंपळी म्हणजे त्रिकटू, आमच्याकडे सर्दीला मधातून. चौसष्ट प्रहरी पिंपळी म्हणतात ती हीच, चौसष्ट प्रहर म्हणजे आठ दिवस सलग खलायची, घरी कोण करतंय! मुळंही टाकू नका, तेच पिंपळमूळ. पण घरची आहे म्हणून रोज ढोसू नका हं, पिंपळी, क्षार आणि मीठ अती खाऊ नये असं चरकसंहितेतच आहे.

आगरातला_नवखा:
नर-मादीचं माहीतच नव्हतं, उद्याच रोपं घ्यायला निघालेलो! @कुळागर, मिरगाला तुमच्याकडचे मादीचे पंधरा-वीस तुकडे मिळतील का? बदल्यात सुपारी देतो.

कुळागर:
सुपारी घरचीच भरपूर आहे बाबा. आंबे आण.