विषय: १७ माइल ड्राइव्ह, झाड दिसलं नाही

प्रेषक: काकू (प्रतापनगर, नागपूर)

मंडळी नमस्कार,

कॅलिफोर्नियाहून परत येऊन तीन आठवडे झाले, झोप आता कुठे जागेवर येऊन राहिली, म्हणून आज लिहायला बसले. मला तिकडच्या मराठी मंडळींच्या या ईमेल लिस्टवरून काढू नका हं, पोरगा तिकडेच आहे आणि तुमची भांडणं वाचल्याशिवाय मला दुपारचा चहा गोड लागत नाही.

तर १७ माइल ड्राइव्ह, मॉंटेरीजवळचा समुद्राकाठचा रस्ता. एप्रिलात मी इथेच विचारलं होतं की नवतप्याच्या (मे अखेरच्या त्या नऊ भाजणाऱ्या दिवसांच्या) आधी नागपुरातून पळ काढून राहिलो, जूनमधे एखादा दिवस कुठे फिरायला जावं, तर तेरा जणांनी उत्तर दिलं आणि तेराच्या तेरा जणांनी हेच नाव घेतलं. कोणी लिहिलं काकू डोळ्यांचं पारणं फिटेल, कोणी लिहिलं स्वर्ग आहे स्वर्ग, सॅन होजेच्या दादाने तर फोटो पाठवला, निळंशार पाणी, खडक, आणि खडकावर एकटं झाड. तो फोटो मी आमच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला. तिथेच चुकलं.

शनिवारी पाचला उठून सांबारवड्या तळल्या (सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, तिकडे मेक्सिकन दुकानात नुसता ढीग, आणि काय स्वस्त बाप्पा), तिखटामिठाच्या पुऱ्या, दही, थर्मासमधे चहा. मी फिकी निळी साडी नेसले, फोटोत समुद्राला मॅच व्हावी म्हणून. गिलरॉयपर्यंत लख्ख ऊन होतं, काच खाली केली तर गाडीत लसणाचा वास, मस्त वाटून राहिलं होतं. मॉंटेरी जवळ आलं तसं पोरगा म्हणाला आई शाल आणलीस ना. मी म्हटलं जूनमधे शाल कशाला रे, डोकं फिरलं का तुझं.

गेटवर गाडीमागे बारा डॉलरच्या आसपास घेतात, म्हणजे आपले हजार रुपये झाले, आणि हातात नकाशा देतात. रस्ता खाजगी आहे हे मला तिथे कळलं, तेरा जणांपैकी एकाने लिहिलं नव्हतं. सायकलवाले फुकट जातात आणि मोटरसायकलला आत सोडतच नाहीत. आमचे हे लगेच म्हणे मग सायकल भाड्याने घेऊ. दोन्ही गुडघे बदललेला माणूस! बरं, रस्त्याच्या मधोमध लाल तुटक रेघ मारलेली आहे, ती धरून जायचं म्हणजे वाट चुकत नाही. चांगलं केलं मारली ते, कारण त्या रेघेपलीकडे काही दिसूनच राहिलं नव्हतं.

धुकं हो. थोडंथिडकं नाही, गाडीच्या नाकापुढे कोणी ओलं धोतर वाळत घालावं तसं. प्रत्येक पॉइंटवर उतरायचं, पाटी वाचायची, पांढऱ्याकडे बघायचं, परत गाडीत. बर्ड रॉकला खडक दिसला नाही पण वास आला, आणि आतून कुठूनतरी सी लायन भुंकून राहिले होते, अगदी रात्री आमच्या लेआउटमधली कुत्री भुंकतात तसेच. एका जागी धुक्यातूनच टक असा आवाज आला. मी दचकले. सून म्हणाली आई, गोल्फ खेळतायत. आता मला सांगा, जिथे समुद्र दिसत नाही तिथे यांना बॉल कसा दिसतो?

मग ते झाड. लोन सायप्रस. कठड्याला वीस-पंचवीस माणसं चिकटून उभी, सगळ्यांचे मोबाइल वर, आणि समोर भिंत. एका गृहस्थाने शेवटी पाटीवरच्या झाडाच्या चित्राचाच फोटो काढला आणि निघून गेला. आम्ही चाळीस मिनिटं थांबलो. मधे अर्धा मिनिट धुकं जरा हललं तेव्हा मला झाड नाही दिसलं, झाडाला बांधलेली तार दिसली. ते पडू नये म्हणून त्याला पोलादी तारांनी धरून ठेवलंय, हेही कोणी सांगितलं नव्हतं. मग परत सगळं बंद.

सांबारवड्या गाडीतच खाल्ल्या, हीटर लावून. साडीवर पोराचं हुडी. भिशीत विचारतात काकू झाडाचा फोटो दाखवा ना, मी म्हणते फोन हँग झाला.

माझा राग समुद्रावर नाही. तेरा जणांपैकी एकालाही "धुकं" हा दोन अक्षरी शब्द टाइप करता आला नाही का?

काकू

प्रेषक: दादा (सॅन होजे)

काकू, साष्टांग. फोटो मीच पाठवला होता म्हणून उत्तर देणं भाग आहे.

तो फोटो ऑक्टोबरमधला आहे. आणि माझ्या चौथ्या खेपेचा. पहिल्या तीन खेपांचे फोटो तुमच्यासारखेच पांढरे होते, ते मी डिलीट केले, आता कबूल करून टाकतो.

तिकडच्या किनाऱ्याचं असं आहे की उन्हाळ्यात वायव्येचा वारा किनाऱ्यालगत वाहत असतो, त्याने वरचं पाणी आत समुद्रात सरकतं आणि त्याच्या जागी खालून बर्फासारखं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावर हवा आली की थंड होऊन तिचं धुकं होतं. आणि त्याच वेळी आतल्या सेंट्रल व्हॅलीत चाळीसच्या पुढे तापमान, तिथली हवा तापून वर जाते आणि ही गार हवा आत ओढली जाते. म्हणजे आत जितकं जास्त तापेल तितकं किनाऱ्यावर धुकं जोरात. मे ग्रे, जून ग्लूम अशी नावंच पडली आहेत. स्वच्छ दिवस पाहिजे तर सप्टेंबर-ऑक्टोबर. हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं हो, पण पाहुणे येतात जूनमधे, मग काय करायचं.

रस्ता १८८१ चा आहे, तेव्हा मॉंटेरीच्या मोठ्या हॉटेलात उतरणाऱ्या पाहुण्यांना घोडागाडीतून फिरवून आणायचा रस्ता होता तो. म्हणजे पाहुण्यांना दाखवायची सोय हीच त्याची मूळ कल्पना, आम्ही परंपरा चालवतोय इतकंच :) आणि तुम्ही पॉइंट जोला उतरला असाल, तिथे जुन्या काळी जहाजं मॉंटेरी बेचं तोंड समजून थेट खडकावर यायची. खलाशी फसले तिथे आपण कोण.

आता एक गुपित. गेटच्या बाहेरच, पॅसिफिक ग्रोव्हमधे, सनसेट ड्राइव्ह म्हणून रस्ता आहे. तोच समुद्र, तसेच खडक, आणि एक पैसा लागत नाही. झाड मात्र नाही. पुढच्या वेळी तिकडे नेतो, ऑक्टोबरमधे या.

प्रेषक: खजिनदार

सॅन होजेच्या दादाने पिकनिकचे पैसे अजून भरलेले नाहीत. बाकी चालू द्या. आणि नुसतं "+१" लिहायला सगळ्यांना रिप्लाय करू नका.

प्रेषक: वहिनी (फ्रीमाँट)

काकू, तुमचं सगळं वाचलं, हसून हसून मुरकुंडी वळली, वाईटही वाटलं. पण आता मी पण एक जुनं खातं उघडते.

गेल्या वर्षी गणपतीत तुम्ही याच लिस्टवर लिहिलं होतं, नागपूरला जाल तर चिखलदरा बघितल्याशिवाय परत येऊ नका, विदर्भाचं नंदनवन, घाटाचा रस्ता म्हणजे हिरवं मखमल, आणि खाली धबधब्याचा फोटो. आठवतंय? आम्ही कोथरूडची माणसं, आम्हाला विदर्भातलं काय कळतं, विश्वास ठेवला. मुलांचा स्प्रिंग ब्रेक एप्रिलात असतो, म्हणून एप्रिलात गेलो. नागपूरहून अमरावती, परतवाडा करत सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, पाच तास, दोन मुलं मागे भांडतायत, एसी हरलेला. परतवाड्यानंतर घाट लागला. हिरवं मखमल कुठे, सगळे साग नागडे, पानं खाली पडून पापडासारखी वाजतायत, आणि जंगल असं करडं की आरपार दिसावं. भीमकुंडाला आलो, भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि इथे हात धुतले ही गोष्ट मी मुलांना सांगितली, धाकटा खाली डोकावून म्हणाला, कशाने धुतले? पाणी कुठेय?

आम्हाला झाडं सगळी दिसली काकू. पानं दिसली नाहीत.

रबडी मात्र फर्स्ट क्लास होती हे खरं. दोन द्रोण खाल्ले आणि परतीच्या घाटात थोरल्याला उलटी झाली.

प्रेषक: काकू (प्रतापनगर, नागपूर)

अगं वहिनी, एप्रिलात कोणी चिखलदऱ्याला जातं का! साग एप्रिलात पानं टाकून मोकळाच असतो, त्याला तो तरी काय करणार. तो फोटो ऑगस्टमधला होता. लिहायचं राहिलं असेल माझं, गणपतीच्या मोदकांच्या घाईत होते मी. पण साडेतीन हजार फुटांवर आहे, नागपूरपेक्षा तरी गार वाटलं असेल ना. नाही वाटलं? बरं, जाऊ दे.

उलटीचं मात्र माझ्यावर ढकलू नको. घाट उतरायच्या आधी रबडी कोणी चारली?

ऑगस्टमधे या. रानच्या रान हिरवं, धबधबे, आणि पहिल्या वळणापासून ढग गाडीत शिरतात. मेल लिहिताना आमचे हे मागे उभे राहून वाचून राहिले होते, म्हणतात, खोटं सांगू नको तिला. गेल्या ऑगस्टमधे आपण देवी पॉइंटला दोन तास उभे होतो, दरी दिसली का तुला? समोरची रेलिंग तरी दिसली का? मी म्हटलं नाही दिसली. पण शेगडीवर भाजलेलं, लिंबू-मीठ लावलेलं कणीस दिसलं होतं, आणि ते तुम्ही माझ्या हातातून ओढून खाल्लं होतं.

दादा, पिकनिकचे पैसे भरून टाक रे.

काकू