मुलाखतीची तयारी: तुमचे अनुभव सांगा

उंबरठा
काल रात्री पाणी प्यायला उठले तर लेकीच्या खोलीतून आवाज येत होता. दार लावून एकटीच बोलत होती, दोन वाक्यं झाली की थांबायची आणि परत पहिल्यापासून. परवा तिचा पहिला इंटरव्ह्यू आहे. मी दाराबाहेर तशीच उभी राहिले आणि माझा पहिला इंटरव्ह्यू आठवला.

'स्वतःबद्दल सांगा'चं उत्तर मी वहीत लिहून दीड पान पाठ केलं होतं. तिसऱ्या वाक्याला समोरच्या बाईंनी मधेच विचारलं, हा विषय का निवडलात? साधा प्रश्न. पण पाठ केलेलं एकदा तुटलं की पुढचं काही सापडतच नाही, मी परत माझ्या नावापासून सुरुवात केली. त्या हसल्या नाहीत, पाण्याचा ग्लास पुढे केला. नोकरी मिळाली नाही. पुढच्या वेळी काही पाठ केलं नाही, खरंच घडलेले चार प्रसंग निवडले आणि ताईला रोज वेगळ्या क्रमाने मोठ्याने सांगत बसले. मनातल्या मनात उत्तर नेहमी छानच वाटतं, तोंडातून येताना ते भलतंच होतं.

लेकीला हे सांगू की गप्प बसू कळत नाहीये. तुमची तयारी कशी होती, लिहा ना.

रात्रपाळी
सांगू नका हो, तिच्यासमोर बसा आणि मधे मधे तोडून प्रश्न विचारा. माझ्या भावाने माझ्यासाठी हेच केलं होतं, तेव्हा फार राग आलेला.

दुसरीइनिंग
माझा नऊ वर्षांचा गॅप. आधी मुलं लहान, मग सासूबाईंचं आजारपण. अर्ज करायचे, बोलावणं यायचं, 'या काळात काय करत होतात' विचारलं की मी पाच मिनिटं खुलासाच देत बसायचे, आवाज रडवेला व्हायचा. शेवटी एका मैत्रिणीने माझ्याकडून ते उत्तर लिहून घेतलं आणि दोन वाक्यं सोडून सगळं खोडलं. घरी आजारपण होतं, मी सांभाळलं. आता मोकळी आहे आणि गेले चार महिने नवीन सॉफ्टवेअरवर रोज सराव करतेय. बस. त्यापुढे गप्प बसायचं. गप्प बसायचाच सराव जास्त करावा लागला. पुढच्याच इंटरव्ह्यूत ही दोन वाक्यं बोलले तर ते लगेच सॉफ्टवेअरबद्दल विचारायला लागले, त्या गॅपचं ओझं इतकी वर्षं मी एकटीच वाहत होते असं वाटलं. (सासूबाई आता नाहीत, पण पहिल्या पगाराला त्यांची फार आठवण आली.)

उंबरठा
@दुसरीइनिंग वाचून डोळे भरले गं. तुझी दोन वाक्यं लेकीला वाचून दाखवू का?

दुसरीइनिंग
दाखव की, विचारतेस काय

खिडकीजवळ
मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला अकरा वर्षं बसतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्याकडे सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण देतात. लोकांना हे कोरडं वाटतं पण उमेदवाराच्या भल्याचं आहे. श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली जुन्या संशोधनांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात अशा ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा नंतरच्या कामाशी संबंध (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे पूर्ण) ०.५१ निघाला आणि नुसत्या गप्पांच्या मुलाखतीचा ०.३८. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये आकडे नव्याने तपासले, ते खाली आले पण निवडीच्या सगळ्या पद्धतींत ठरावीक मुलाखतच पहिली आली.

आता खरं दुखणं. दहातले सात जण 'आम्ही केलं, आमच्या टीमने केलं' असंच बोलतात. नम्रता म्हणून बोलतात हे कळतं, पण कागदावर मला त्यांनी स्वतः काय केलं तेच लिहायचं असतं. मग खोदून विचारावं लागतं आणि त्यांना वाटतं हा माणूस अविश्वास दाखवतोय. प्रसंग काय होता, तुमच्यावर काय होतं, तुम्ही काय केलंत, त्याने काय झालं, या चार पायऱ्या सगळीकडे शिकवतात. चौथी पायरी बहुतेकांची राहूनच जाते. आणि स्वतःचा रेझ्युमे आदल्या दिवशी नीट वाचा, प्लीज. त्यातल्याच एका ओळीवर विचारलं की कितीतरी चांगली मुलं गडबडतात, मला फार वाईट वाटतं.

निळीशाई
यावरून आठवलं, एडिसन नोकरीसाठी आलेल्यांना शे-दीडशे प्रश्नांची परीक्षा द्यायला लावायचा. फ्रान्सच्या सीमेला कोणते देश आहेत वगैरे. १९२१ मध्ये ते प्रश्न पेपरात छापून आले आणि बराच गाजावाजा झाला. आइनस्टाइन तेव्हा अमेरिकेत होता, त्याला त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न विचारला तर म्हणाला पुस्तकात सापडतं ते मी डोक्यात ठेवत नाही. मी कंपनीची सगळी वर्षं आणि संचालकांची नावं पाठ करून गेले होते, एकही विचारलं नाही. विचारलं काय तर आमच्या कामातलं तुम्हाला काय बदलावंसं वाटतं. त्याचा विचारच केला नव्हता.

पाऊलवाट
व्हिडिओवरचा इंटरव्ह्यू असेल तर मोबाईल पुस्तकांच्या ढिगाऱ्यावर डोळ्यांच्या उंचीला ठेवा, उजेड समोरून येऊ दे. एकदा स्वतःचं रेकॉर्डिंग बघा. मला तेव्हाच कळलं की मी प्रत्येक वाक्यानंतर 'म्हणजे' म्हणतो. घरच्यांनाही आधी सांगून ठेवा, माझ्या वेळी नेमका कुकर

निळीशाई
@पाऊलवाट कुकरचं पुढे काय झालं?? 😄

अर्धविराम
मी अडखळत बोलतो, लहानपणापासून. खूप वर्षं ते लपवायचीच तयारी करायचो, अडणारे शब्द टाळून दुसरे शोधायचे, आणि त्यातच सगळी ताकद जायची, मूळ विषय बाजूला. शेवटच्या वेळी आत गेल्यावर पहिलंच वाक्य बोललो की मी अडखळतो, थोडा वेळ द्याल तर पूर्ण उत्तर देईन. हे एक वाक्य मात्र मी आठवडाभर म्हटलं होतं, रोज, गच्चीवर जाऊन. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या सावकाश होऊ द्या. अडखळलो, बऱ्याचदा. पण हवे तेच शब्द वापरले. पाच वर्षं झाली तिथे.

खिडकीजवळ
@अर्धविराम हे लिहिलंत, फार बरं केलंत.

पहिलापाऊस
उद्या ११ वाजता माझा आहे. सगळं वाचतेय पण हात गार पडलेत. शांत हो शांत हो म्हटलं की अजूनच धडधडतं

रात्रपाळी
@पहिलापाऊस शांत हो म्हणूच नकोस. ॲलिसन वुड ब्रूक्स यांचा २०१४ चा अभ्यास आहे. भाषण द्यायच्या आधी ज्यांनी 'मी उत्साहात आहे' असं मोठ्याने म्हटलं ते 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं बोलले. छाती दोन्हीकडे तशीच धडधडते, म्हणून ते पटकन जमतं. आणि तुला त्यांना काय विचारायचंय ते तीन प्रश्न कागदावर लिही. आता झोप.

उंबरठा
आज जेवताना लेकीला मधेच तोडून विचारलं, हाच विषय का? चिडली. मग पाऊण तास बोलत होती, वहीत नसलेलं सगळं. तिला हा विषय तिच्या आजोबांमुळे आवडला हे मला आज कळलं.

दुसरीइनिंग
@पहिलापाऊस साडेबारा वाजले. कसं झालं गं?

पहिलापाऊस
आत्ता बाहेर आले. पहिलं उत्तर थरथरत गेलं, नंतर बरं. 'आम्ही केलं' म्हणाले आणि लगेच थांबून 'मी केलं' म्हटलं. बस आली, घरी जाऊन लिहिते